टोपलीखालचं पीठ

११ नोव्हेंबर २०२४, शहापूर

तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्यानं नववर्षाला दिलेली ही डायरी इतके दिवस दुकानात स्क्रूंच्या डब्याखाली पडून होती. आज घरी आणली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या केव्हा दिल्या, उलटी झाली का, झोप लागली का, ते लिहीत जा. बरं होण्यासाठी नव्हे, त्रास कमी करण्यासाठी. हे त्यांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं. माझ्या बायकोला, कमळला, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो पसरलाय. कापण्यासारखं काही उरलेलं नाही.

रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "काय म्हनले?" मी जसंच्या तसं सांगितलं. लग्न झाल्यापासून मी बायकोशी खोटं बोललेलो नाही, आता सुरुवात करायचं कारण नव्हतं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "तरी बरं, भात झोडून झालंय." माहेरच्या भाताबद्दल बोलत होती. आमचं शेत नाही. शेतावरच्या पंपाची मोटार जळली की लोक माझ्याकडे नवी तार भरायला आणतात, त्यावर घर चालतं.

संध्याकाळी आसनगावहून अपेक्षा आली. आमची एकुलती मुलगी. आईच्या पायाशी बसली आणि मोबाईलवर दुसऱ्या डॉक्टरांचे नंबर शोधत राहिली. मी तिला थांबवलं नाही.

१४ नोव्हेंबर

माहेरी ने म्हणते. डोळखांबच्या पुढे, डोंगराला लागून तिचा पाडा. मी म्हटलं, तिथं रात्रीबेरात्री कळ आली तर सुई द्यायला कोण आहे? ती म्हणाली, "तिथं मेले तर आईजवळ मरीन. इथं मेले तर तुमी समितीची मानसं गोळा करून भाषन ठेवाल."

मला हसू आलं, कारण असं भाषण माझ्या मनात खरंच येऊन गेलं होतं.

मी देव मानत नाही हे शहापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दर रविवारी आम्ही चारपाच जण विज्ञान समितीची पिशवी घेऊन पाड्यापाड्यांत जातो. पिशवीत नारळ, लिंबं, कापूर आणि एक बांबूची टोपली. टोपलीचा प्रयोग माझा. आमच्या भागात माणूस गेलं की जिथं जीव गेला तिथं रात्री तांदळाचं चाळलेलं पीठ पसरतात, बाजूला दिवा लावतात आणि पीठ टोपलीनं झाकतात. सकाळी पिठात जे पाऊल उमटलेलं दिसेल त्या जन्माला माणूस गेलं. चिमणी, गाय, साप, काहीही. मी तसंच पीठ कोणी न मेलेल्या घरात पसरून दाखवतो. सकाळी त्यातही उंदराचे, झुरळाचे ठसे असतात. लोक हसतात आणि प्रयोग संपतो.

अडचण एवढीच की डोळखांबच्या बाजूला हे पीठ वाचण्यात ज्यांचा शब्द शेवटचा, त्या बाईजामामी म्हणजे माझ्या सासूबाई.

१६ नोव्हेंबर, पाडा

आणलं कमळला. मेहुणा महिपत जीप घेऊन आला होता. आतल्या खोलीत खाट टाकलीय. बाहेर सिमेंट झालं, तरी ती खोली मामींनी अजून शेणानं सारवलेलीच ठेवलीय.

मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. महिपत सांगतो, माणूस ओळखतात ते आवाजावरून. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जातात. मी ओट्यावर चढलो आणि काही बोलायच्या आत म्हणाल्या, "जावयबापू, शर्टाचं बटन तुटलंय तुमचं." कोणीतरी सांगितलं असावं.

शेजारचा अक्षय भेटायला आला. भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला आहे. या पाड्यात माझ्या बाजूचा तेवढा एकच. कधीकधी रविवारी पिशवी धरायला येतो. त्याचा बाप कोंडू दम्यानं खाटेला खिळलाय. अक्षय मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "जगदीशदादा, कमळताईच्या झाडफुकीला भगत आनायला लागले तर सांगा. आपन दोघं हाव." बरं वाटलं.

याच पाड्यात काही वर्षांपूर्वी मी टोपलीचा प्रयोग केला होता. सगळा पाडा जमला होता, आणि मी भर अंगणात मामींना विचारलं होतं, "जीव आपला आपण येऊन पाऊल उठवतो ना, मग तुमची ही पद्धत कशाला? आधी सगळ्यात जवळच्या माणसानं एकट्यानं आत जायचं, दार लावायचं, टोपली उचलायची, आणि मगच तुम्हाला हाक मारायची?" त्या म्हणाल्या, "त्याबिगर पीठ उमटत नाय." लोकांना मी त्यावर पोट धरून हसायला लावलं. अजूनही गावोगाव हे उत्तर सांगतो, अंधश्रद्धेला प्रश्न विचारला की ती कशी वाटेल ते बोलते याचा नमुना म्हणून. मामी रागावल्या नव्हत्या. दुपारी त्यांनी नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं होतं. कमळ मात्र पुढं कित्येक दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

२१ नोव्हेंबर

आज तिला जरा उतार होता. भिंतीला टेकून बसली, पेज प्यायली, आणि गप्पा मारायची लहर आली. विचारलं, "पयला मानूस कुठून आला ओ?"

इतक्या वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी खुशीत आलो. माकडापासून मागं मागं माशापर्यंत गेलो, तिथून पाण्यातल्या एका पेशीपर्यंत. मग तारे. म्हटलं, तुझ्या रक्तात जे लोखंड आहे ते कुठल्यातरी ताऱ्याच्या पोटात तयार झालंय.

"मग मी गेल्यावर काढून घ्या ते. दुकानात कामाला येईल."

"कमळ."

"बरं, नाय बोलत. तारा कशातून आला?"

"धुळीतून, वायूतून."

"नि ती धूळ?"

मी म्हटलं, त्याच्याही आधीचं नक्की माहीत नाही. शोधतायत लोक. ती माझ्याकडे बघून हसली. गाल बसल्यामुळे हसणं आता वेगळंच दिसतं. म्हणाली, "तुमी माहीत नाय म्हनता ना, तवा लय बरे दिसता. सुरुवातीचं माहीत नाय, मग शेवटाचं येवढं पक्कं कसं?"

मी तिला मोटारीचं सांगितलं. मोटार जळते तेव्हा तिच्यातून काही उडून जात नाही. तांबं तेच, लोखंड तेच, फक्त फिरणं थांबतं. फिरणं कुठं गेलं असं कोणी विचारत नाही. तसंच माणसाचं.

"पन जळलेली मोटार तुमी परत भरता की," ती म्हणाली, आणि दमून आडवी झाली.

उत्तर माझ्याकडे होतं. पण ती झोपली.

२६ नोव्हेंबर

वाईट दिवस. गोळीचा परिणाम संध्याकाळपर्यंत टिकत नाही. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. मामी दिवसभर तिच्या उशाशी बसून तांदूळ निवडतात. मी बाहेर ओट्यावर बसतो. इथं मला दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. महिपतच्या पंपाची मोटार चांगली चालू होती, ती उगीच उघडली आणि पुन्हा बसवली.

२९ नोव्हेंबर

आज तिनं काढलंच. म्हणाली, "माझं पीठ पसरू द्याल ना?"

मी तिची चादर सारखी करत राहिलो. ती थट्टेवर नेत म्हणाली, "मला टिटवी व्हायचंय. लहानपनी शेतात टिटवीनं उघड्यावर अंडी घातलेली, मी नि दादा राखत बसायचो. टिटवी झाले की रात्रभर तुमच्या पत्र्यावरून ओरडत फिरीन. झोपायचं नाय मग तुमी." मग थट्टा सोडून म्हणाली, "आईनं सगळ्या पाड्याचं पीठ वाचलं. माझं नको वाचू देऊ?"

मी म्हटलं, "तू माझी बायको आहेस. तुझं पीठ पसरलं तर मी कुठल्या तोंडानं लोकांपुढं उभा राहू?"

ती म्हणाली, "बरं." एवढंच. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

योग्य तेच बोललो. जे दुसऱ्याच्या घरात खोटं, ते माझ्या घरात खरं कसं होईल?

३ डिसेंबर

हे लिहावं की नाही कळत नाही, पण लिहितो.

पहाटे तिला घाम फुटला होता. वेदनेचा नाही, भीतीचा. मी कंदील मोठा केला. तिनं माझं मनगट धरलं, नखं रुतली. म्हणाली, "ओ, कायतरी असंल ना पुढं?"

मी दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आहे म्हनू नका. नुसतं असंल म्हना. येकदा."

एक शब्द होता. तो मी म्हटला नाही. मनात असंही आलं की ही मला आयुष्यभर खरं बोलणारा माणूस म्हणून ओळखते, आता शेवटी हिला फसवलं तर त्या सगळ्या वर्षांना काय अर्थ राहिला? मी म्हटलं, "कमळ, तुला काही कळणार नाही. दुखणारही नाही. झोपेसारखं."

तिनं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मामी कोपऱ्यात जाग्याच होत्या. उठल्या, खाटेवर बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "असंल गो. असंल. नसंल कशाला?" पुन्हा पुन्हा तेच, लहान पोराला थोपटावं तसं. हळूहळू तिचा श्वास संथ झाला.

मला मामींचा राग आला. मग राग कशाचा आला तेच कळेना. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

५ डिसेंबर

गेली. सकाळी, ऊन आत आल्यावर. अपेक्षा जवळ होती, मी होतो. मी हात धरला होता, पण त्या पहाटेनंतर ती माझ्याशी पाणी द्या, कूस बदला, याखेरीज काही बोलली नव्हती.

६ डिसेंबर

काल दुपारीच ओढ्याकाठी अग्नी दिला. मंत्र नको म्हटलं, तर कोणी वाद घातला नाही. घरी परतलो तर मामी जात्यावर बसल्या होत्या. नवे तांदूळ दळत होत्या.

मी तयारीत होतो. सगळी उत्तरं तोंडावर होती. मामींनी पीठ चाळलं, सुपात काढलं, सूप माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "चाळून ठेवलंय. पसरायचं का नाय ते तुमी सांगा. बाई तुमची हाय."

एवढ्यावर वाद कसा घालायचा? त्या विनवत नव्हत्या, शाप देत नव्हत्या. अपेक्षा दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "पसरा."

अक्षय ओट्यावर होता. म्हणाला, "दादा, तुमी पन?" मी त्याला म्हटलं, म्हातारीसाठी करतोय. तो उठून घरी गेला.

खाट उचलून तिथली जमीन सारवली, पीठ पसरलं, दिवा लावला, टोपली घातली. आज उजाडल्यावर मामींनी मला दारापर्यंत आणलं. "आत जावा. दार लावून घ्या. घाई नाय," म्हणाल्या आणि बाहेर बसून राहिल्या.

दिवा विझला होता. खोलीत अजून तिच्या औषधाचा वास होता. मी टोपली उचलली.

पीठ कोरं होतं. ठसा नाही, रेघ नाही, काही नाही. उंदीर फिरकला नव्हता. झुरळसुद्धा नाही. मामींच्या चाळणीनं सोडलं होतं तसंच.

हेच तर मी सगळ्या पाड्यांत सांगत फिरलोय. माणूस जातं तेव्हा कोणी कुठं जात नाही. माझं म्हणणं इतकं स्वच्छ मला कधी कोणी दाखवलं नव्हतं. आणि मी तिथं उकिडवा बसलो आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. एक उंदीर आला असता तरी चाललं असतं. मला कमळ हवी होती. कशीही. चार पायांची, बिनपायांची, कशीही चालली असती.

किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर मामी खाकरल्या. मी उजव्या हाताचं बोट पिठात टेकवलं आणि तीन रेघा ओढल्या. पुढं तीनच. टिटवीच्या पावलाला मागचं बोट दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. मधली रेघ वाकडी आली.

मग दार उघडलं.

मामी आल्या, भिंत चाचपत खाली बसल्या, पिठावर वाकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "टिटवी हाय." अपेक्षा हुंदका देऊन रडली. कालपासून ती रडली नव्हती. मग मामींनी माझा उजवा हात हातात घेतला, पदरानं माझं बोट पुसलं, नखातलं पीठसुद्धा काढलं, आणि हात माझ्या मांडीवर परत ठेवला.

मी एका आंधळ्या म्हातारीला फसवलं. तिच्या लेकीच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी. आजवर ज्या भगतांना मी भर चावडीत उघडं पाडलं, त्यांच्यात आणि माझ्यात आता काय फरक उरला?

आणि फसवायचंच होतं तर तीन दिवस आधी का नाही? तेव्हा एक शब्द पुरला असता, आणि ऐकायला ती होती.

१७ डिसेंबर

मामींना खरं सांगून टाकायचं म्हणून आज पाड्यावर गेलो. उन्हात बसल्या होत्या. मला म्हणाल्या, शर्ट काढा. मागच्या महिन्यातलंच तुटकं बटण. सुई-दोरा घेऊन बसल्या, मी ओवून देऊ का विचारलं, तर तोवर पहिल्याच झटक्यात दोरा ओवून झाला होता. बोटांना सवय असते.

मी म्हटलं, "मामी, त्या पिठाबद्दल मला सांगायचंय."

"जेवून जावा," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्याच्या वक्ताला म्याच आत गेल्ते. त्यांचं बैलाचं पाऊल उमटल्यालं. चांगलं ठळक." दोरा दातानं तोडला आणि शर्ट माझ्याकडे दिला.

भोळी आहे बिचारी. तिचा विश्वास मोडायचा धीर झाला नाही. जेवलो आणि निघालो.

२९ डिसेंबर

समितीचा विपुल येऊन गेला. रविवारचा कार्यक्रम कुठं घ्यायचा विचारत होता. मी म्हटलं, नारळ दाखव, लिंबू दाखव. टोपली पिशवीतून काढून ठेव. कारण विचारलं तर सांगितलं, फाटलीय. फाटलेली नाही.

१२ जानेवारी

साल बदललं. डायरीची शेवटची पानं संपली, म्हणून सुरुवातीची कोरी पानं वापरतोय. छापलेले वार जुळत नाहीत.

काल पत्र्यावर काहीतरी ओरडत होतं. घुबड असेल. बाहेर जाऊन पाहिलं. काही नव्हतं.

१९ जानेवारी

दुपारी महिपतचा फोन आला. अक्षयचा बाप कोंडू सकाळी गेला. अग्नी देऊन झाला. अक्षयची आई पीठ घेऊन बसली आणि अक्षय पसरू देईना. म्हणतो, आमी विज्ञानवाले, जगदीशदादांनी शिकवलंय. बापाला जाऊन चार तास झाले, डोळ्यांतून टिपूस नाही. अंगणात लाकडं फोडत सुटलाय.

महिपत म्हणाला, "आमच्या आईनं त्याला रात्री पसरू द्यायला लावलं शेवटी. पन सकाळी टोपली त्यानंच उचलायची, नि तो तयार नाय. आई म्हनते, भावजींना बोलवा."

मी म्हटलं, "मी? मी त्याला काय समजावणार? मी तर या सगळ्याच्या विरुद्ध. मामींना सांग, दुसरं कोणीतरी बघा."

महिपतनं फोन लांब धरला, आत विचारलं, परत आला. "आई म्हनते, दुसरं कोनी नको. काय समजवू पन नका. नुसतं त्याला आत सोडा नि दार लावा."

मीच का, ते मला कळत नाही. पण शेवटची एसटी मिळेल, दुकान बंद करून निघतो आहे. अक्षयला खोटं सांगणार नाही. तसं वचन मी स्वतःला दिलंय. एवढंच सांगीन की पीठ कोरं असतं, मी पाहिलंय.

मग बाहेर येईन आणि दार लावून घेईन.